२५२० मध्ये गूढ काही नाही, तो लसावि आहे

"२५२० ही विचित्र संख्या, १ ते १० सगळ्यांनी भाग जाणारी एकमेव, जगातल्या कुठल्याच गणितज्ञाला सापडली नव्हती, रामानुजननी शोधली, आणि तिचं रहस्य म्हणजे ७ दिवस × ३० दिवस × १२ महिने." हा फॉरवर्ड कित्येक वर्षं फिरतोय, मी कधी लक्ष दिलं नाही. पण परवा तो आमच्या फॅमिली ग्रुपवर आला आणि पाचवीच्या स्कॉलरशिपला बसणाऱ्या भाचीने वहीच्या मागच्या पानावर उतरवून घेतला, 'एकमेव'खाली दोन रेघा मारून. म्हणून आता लिहितोच.

अहो, एकमेव कशी? दुप्पट करा, ५०४०, तिलाही १ ते १० सगळ्यांनी भाग जातो. तिप्पट ७५६०, तिलाही. पाढा म्हणत बसा, संपणार नाही. २५२० ही त्यातली सगळ्यात लहान, बस, म्हणजे १ ते १० चा लसावि, जो शाळेत शिकवतात. भाचीला शेजारी बसवून काढायला लावला. ८ घे, त्यात २ आणि ४ आले. ९ घे, ३ आला. ६ आणि १० वेगळे लागतच नाहीत, फक्त ५ आणि ७ राहिले. आठ नव्वे बहात्तर, त्याची पाचपट ३६०, त्याची सातपट २५२०. मग तीच म्हणाली, मामा ११ पण घेऊ? घेतला, २७,७२० आले, आणि त्याला १२ नेही भाग गेला.

"गणितज्ञांना सापडली नाही" हे तर साफ खोटं. ५०४० ला १ ते १० ने भाग जातो हे प्लेटोने इसवी सनापूर्वीच लिहून ठेवलंय.

७ × ३० × १२ चा गुणाकार बरोबर आहे, मान्य. ३० × १२ म्हणजे ३६०, त्याला ७ सोडून १ ते १० सगळ्यांनी भाग जातो, राहिलेल्या ७ ने गुणलं की झालं. पण दिवसांना दिवसांनी गुणून हातात येतं काय?

सगळ्यात जास्त राग येतो तो रामानुजन यांचं नाव चिकटवल्याचा. त्यांचा १९१५ चा लंडन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या प्रोसीडिंग्जमधला पेपर आहे, हायली कंपोझिट संख्यांवर, म्हणजे जिच्याइतके विभाजक तिच्याहून लहान कुठल्याच संख्येला नसतात अशा संख्या. २५२० ला ४८ विभाजक आहेत, त्यामुळे ती त्यांच्या तक्त्यात आहे हे खरं, पण तिथे ती फक्त एक ओळ आहे! तक्ता जातो ६७,४६,३२,८३,८८,८०० पर्यंत, जिला १०,०८० विभाजक आहेत, आणि हे कॉम्प्युटर नसताना. शिवाय अशी संख्या मूळ अवयवांत मांडली की २ चा घातांक ३ च्या घातांकापेक्षा कमी नसतो, ३ चा ५ च्या घातांकापेक्षा नसतो, आणि शेवटच्या मूळ अवयवाचा घातांक ४ आणि ३६ सोडून कायम १ च असतो, हे त्यांनी सिद्ध केलं. २५२० बघा: २×२×२, ३×३, ५, ७. घातांक ३, २, १, १.

भाचीने मागच्या पानावरचं 'एकमेव' खोडून 'सर्वात लहान' लिहिलंय. ग्रुपवर ज्यांनी फॉरवर्ड टाकला त्यांना मी त्याच पानाचा फोटो पाठवलाय.