टोपलीतला माणूस खुर्चीत बसतो तेव्हा

बेळगाव जिल्ह्यात गळीत हंगाम तोंडावर आला की दरवर्षी तोच वाद पेटतो. टोळी वेळेवर येत नाही, मुकादमाला दिलेली उचल बुडते, तोडीची वाट पाहत ऊस फडातच वाळतो, तेव्हा हार्वेस्टर हवाच, असं एक बाजू म्हणते. मग कोयत्यावर पोट असलेल्यांनी आणि वाढं विकून चार पैसे मिळवणाऱ्या बायकांनी जायचं कुठे, असं दुसरी विचारते. उद्यमबागेतल्या फाउंड्र्यांमध्ये फेटलिंगला, म्हणजे ओतलेले भाग घासून साफ करायला, माणूस मिळत नाही, तिथेही हीच दोन वाक्यं ऐकू येतात.

याच महिन्यांत इथे स्टॉकहोमच्या आर्लांडा विमानतळावर दुसरा हंगाम चालू असतो, विमानावरचं बर्फ उतरवण्याचा, म्हणजे डी-आयसिंगचा. ऑक्टोबर ते एप्रिल माणसं लागतात, उन्हाळ्यात लागत नाहीत. काम रात्रीचं, उणे तापमानातलं. २०२० साली विमानतळांवरून जी माणसं गेली त्यातली कितीतरी परत आलीच नाहीत आणि २०२२ च्या उन्हाळ्यात युरोपभर त्याचे हाल दिसले. त्यामुळे डी-आयसिंगच्या गाडीची, माणूस आत उभा राहून फवारतो ती टोपली दूरवरच्या खोलीतून चालवायची कल्पना आता जोर धरते आहे. आपल्या ऊसतोडीच्या वादाला त्यातून शिकण्यासारखं बरंच आहे, पण आधी ते काम नेमकं काय असतं ते पाहायला हवं.

पंखावर मध्यम पॉलिश पेपरइतका खरखरीत थर जमला तरी पंखाची उचलण्याची ताकद ३० टक्क्यांपर्यंत घटू शकते आणि हवेचा अवरोध ४० टक्क्यांपर्यंत वाढू शकतो. म्हणून थोडं बर्फ चालेल असं इथे कुणी म्हणत नाही. काम साधारण दोन टप्प्यांत होतं. पहिल्यात प्रॉपिलीन ग्लायकॉल आणि पाण्याचं गरम मिश्रण, म्हणजे नारिंगी रंगाचा टाइप १, नोझलपाशी किमान ६० अंश सेल्सिअस असेल अशा बेताने जोरात मारतात. बर्फ मुख्यतः उष्णता आणि दाबामुळे निघतं. ग्लायकॉल ते पुन्हा गोठू देत नाही. दुसऱ्या टप्प्यात हिरवा, घट्ट टाइप ४ द्रव न तापवता पंखावर पसरतात. तो चिकटून राहतो, पडणारा हिम स्वतःत मुरवून घेतो आणि विमान धावपट्टीवर वेग घेताना वाऱ्याने वाहून जातो. पहिला टप्पा झाल्यावर दुसरा साधारण तीन मिनिटांच्या आत सुरू व्हावा लागतो, नाहीतर ओला पंख पुन्हा गोठतो. नुसत्या दंवाला शंभर-दीडशे लिटर पुरतात. ओलं, जड हिम साचलं असेल तर छोट्या जेटलाही हजार लिटरच्या वर लागू शकतं.

फवारा पंखाच्या टोकाकडून मुळाकडे, पुढच्या कडेवरून मागे. दोन्ही पंखांवर सारखाच उपचार, मग बर्फ एकाच पंखावर असलं तरी. वेग आणि उंची मोजण्यासाठीच्या पिटो नळ्या आणि स्टॅटिक पोर्ट, इंजिनाचं तोंड, तापलेले ब्रेक यांवर थेट मारा चालत नाही. शेवटच्या टप्प्याची सुरुवात ज्या मिनिटाला झाली तिथून घड्याळ चालू होतं. हिमाचा जोर आणि तापमान पाहून तक्त्यातून मिळणारी द्रव टिकण्याची मुदत टाइप १ ला कधी दहा मिनिटांचीही नसते. टाइप ४ ला ती बरीच जास्त असते. मुदत संपली आणि विमान अजून रांगेत असेल, तर बहुतेक वेळा परत येऊन सगळं पुन्हा करावं लागतं.

आता दूरनियंत्रण. गाडीच्या बूमच्या, म्हणजे लांब यांत्रिक हाताच्या, टोकाला टोपली किंवा बंद केबिन असते आणि तिथला माणूस नोझल चालवतो. नव्या रचनेत तिथे कॅमेरे आणि अंतर मोजणारे सेन्सर बसतात, तर माणूस खोलीत जॉयस्टिक आणि पडद्यांसमोर बसतो. एक गाडी टाकी भरायला गेली की तोच दुसऱ्या गाडीचं काम हाती घेऊ शकतो. खरी बचत इथेच आहे. सकाळच्या दोन तासांत विमानांची झुंबड उडते आणि एरवी माणसं गाडीत नुसती बसून असतात. ही वाट पाहण्याची वेळ कमी झाली की त्याच माणसांत जास्त विमानं निघतात. गुडघे दुखतात म्हणून शिडी चढू न शकणारा वीस हंगामांचा अनुभवी माणूसही कामावर टिकतो. माझ्या मते हा फायदा पगाराच्या बचतीपेक्षा मोठा आहे.

बिघडतं कुठे, तेही सांगायला हवं. गरम द्रवाची वाफ आणि ग्लायकॉलचा थर यांनी कॅमेऱ्याची काच आंधळी होते, त्यामुळे काच तापवायची आणि धुवायची सोय गाडीतच लागते. सपाट पडद्यावर अंतराचा अंदाज येत नाही. माणूस नोझल जास्त दूर धरतो, द्रव वाटेतच थंड होतो आणि दुप्पट खर्च होतो. चित्र किंचित उशिरा पोचलं तरी बूम जडत्वाने पुढे सरकलेला असतो, म्हणून पंखाजवळ वेग सक्तीने कमी ठेवावा लागतो. संपर्क तुटला तर बूम आहे तिथेच थांबला पाहिजे, आणि तो पंखावरून मागे घ्यायला आपत्कालीन पंप चालवणारा माणूस जमिनीवरच लागतो. हायड्रॉलिक व्हॉल्व्ह आणि सिलिंडर बनवणाऱ्या बेळगावकरांना हे वेगळं समजावायला नको.

सगळ्यात मोठी अडचण मात्र पारदर्शक बर्फाची आहे. २७ डिसेंबर १९९१ रोजी याच आर्लांडाहून एसएएस या विमान कंपनीचं ७५१ क्रमांकाचं एमडी-८१ विमान उडालं. डी-आयसिंग झालेलं होतं. पण टाकीतल्या थंडगार इंधनामुळे पंखाच्या मुळाशी काचेसारखं बर्फ धरलं होतं आणि ते कुणाला दिसलं नाही. उडताना ते सुटून मागच्या दोन्ही इंजिनांत गेलं, इंजिनं बंद पडली आणि विमान गॉटरोराजवळच्या शेतात उतरवावं लागलं. सगळे १२९ जण वाचले. असं बर्फ ओल्या पंखासारखंच दिसतं. ते पंखावर हात फिरवल्यावर कळतं. इन्फ्रारेड कॅमेरे आता मदत करतात, तरी अशा विमानांवर हाताने तपासणी सोडून द्यावी असं मला वाटत नाही. फवारणारा खोलीत गेला तर तपासणारा बाहेर राहिला पाहिजे, आणि त्याची पाळी कापली जाता कामा नये.

हार्वेस्टरच्या वादात हाच माणूस कुणी मोजत नाही. यंत्राला चार ते पाच फुटांची सरी लागते. तीन फुटांच्या सऱ्यांत ते खोडं तुडवत जातं. वळायला बांधाजवळ मोकळी जागा हवी, आणि ओल्या काळ्या रानात ते घातलं तर जमीन दगडासारखी आवळते. बुडख्याशी फिरणाऱ्या पात्यांची धार गेली की ऊस तुटत नाही, फाटतो, आणि खोडवा, म्हणजे त्याच खोडांतून येणारं पुढचं पीक, मार खातो. हे केबिनमधल्या चालकाला दिसत नाही. मागून चालत बुडखे पाहणारा, पाती बदला म्हणून हात वर करणारा माणूस लागतो. यंत्राने तुकडे केलेला ऊस अख्ख्या उसापेक्षा लवकर खराब होतो, म्हणून चोवीस तासांत गाळपाला गेला पाहिजे. त्यासाठी कारखान्याच्या गेटवर वेगळी रांग लागते. कोयता सोडलेल्या टोळीतल्या माणसांना ही कामं शिकवता येतात, पण यंत्रावरचं अनुदान जाहीर करताना त्यांच्या शिकवणीचा खर्च कुणी धरत नाही.

इथे डी-आयसिंगचा प्रत्येक माणूस दरवर्षी हंगामाआधी पुन्हा वर्गात बसतो आणि परीक्षा देतो, मग तो कितीही जुना असो. द्रवाचा नमुना रिफ्रॅक्टोमीटर या मापकावर ठेवून गोठणबिंदू वाचायचा, शेवटच्या टप्प्याला टाइप १ असेल तर तो बाहेरच्या तापमानापेक्षा किमान १० अंश खाली आहे ना ते पाहायचं, वैमानिकाला द्रवाचा प्रकार, प्रमाण आणि सुरुवातीची वेळ ठरलेल्या क्रमाने सांगायची. हे सगळं घोटून घेतात. निपाणी, हुक्केरी, चिक्कोडीकडे ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, यंत्रं शेडमध्ये उभी असताना, आयटीआयमध्ये आठ-दहा दिवसांचा असा वर्ग घेणं अवघड नाही. पाती बदलणं, कापणीची उंची लावणं, चोंदलेलं पाचट इंजिन बंद करूनच काढणं, एवढं तरी त्यात हवं. आणि पात्याजवळची धोक्याची सूचना मराठी आणि कन्नड दोन्हींत ठळक लिहिलेली हवी. भाषा आणि सीमेवरून आपल्याकडे १९५६ पासून भांडण चालू आहे, पण या पाटीवर दोन्ही भाषा शेजारी असायला कुणाची हरकत नसावी. ऑक्टोबरात पहिलं यंत्र फडात शिरायच्या आधी ती लावून घ्यावी.