पंतप्रधानांच्या भाषणात बेळगाव नाही, म्हणून विषय फेटाळला?

संसदेत राष्ट्रपतींच्या अभिभाषणावरची चर्चा संपली की सीमाभागातल्या ग्रुपवर एक मजकूर फिरतो. त्याचा आशय असा: खासदार देशापरदेशातले शंभर विषय मांडतात, चर्चेला उत्तर देताना पंतप्रधान हवं तेवढंच बोलतात, बेळगावचं नाव निघालं नाही, म्हणजे दिल्लीने आपला विषय, हा भाग महाराष्ट्रात यावा ही मागणी, फेटाळला. परराष्ट्राच्या गप्पांशी आपलं देणंघेणं नाही, आणि दावा कोर्टात असल्याने संसदेत बोलायची सोयच नाही. निपाणीपासून खानापूरपर्यंत शिकलेली माणसंही हे पुढे ढकलतात, म्हणून हे लिहितोय.

अनुल्लेख म्हणजे नकार नव्हे. केंद्राच्या अखत्यारीतला जवळजवळ कोणताही विषय या चर्चेत काढता येतो, त्यामुळे एका भाषणात प्रत्येकाला उत्तर मिळणं शक्यच नाही. पण अभिभाषणात अमुक विषय नाही याचा खेद नोंदवणारी दुरुस्ती आभाराच्या ठरावाला कुठलाही खासदार सुचवू शकतो. २०१५ मध्ये राज्यसभेने काळ्या पैशाबाबत अशी दुरुस्ती मंजूर केली, तीही पंतप्रधानांच्या उत्तरानंतर.

खरं उत्तर मिळतं ते लेखी. अतारांकित, म्हणजे फक्त लेखी उत्तराच्या, प्रश्नाचं उत्तर मंत्र्याला सभागृहाच्या पटलावर ठेवावंच लागतं. ‘विषय विचाराधीन आहे’ असं लिहून मंत्री सुटत नाही; अशी वाक्यं आश्वासन म्हणून नोंदली जातात, तीन महिन्यांत पुरी करायची असतात आणि त्यांचा पाठपुरावा करायला लोकसभेची आश्वासन समिती १९५३ पासून आहे. मला संताप येतो तो इथे. ही वाट मोकळी असताना आपण भाषणात गावाचं नाव शोधत बसतो. खासदाराला जाब विचारावा, तर बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरचा मतदार लोकसभेला उत्तर कन्नड मतदारसंघात येतो, हेही अनेकांच्या लक्षात नसतं.

परराष्ट्राशी संबंध नाही, हे निपाणीच्या तंबाखू उत्पादकाला सांगून बघा. जागतिक आरोग्य संघटनेच्या तंबाखू नियंत्रण कराराला भारताने २००४ मध्ये मान्यता दिली. पाकिटावर ठळक इशारा हवा, हे त्या करारातलंच कलम. २०१६ पासून आपल्याकडे ८५ टक्के जागा इशाऱ्याला जाते. साखरेच्या निर्यातीवर २०२२ मध्ये मर्यादा आली, तो निर्णयही केंद्राचाच, आणि चिकोडी-अथणीचा ऊसवाला त्याच बाजारावर जगतो.

कोर्टाचा मुद्दा अर्धाच खरा. महाराष्ट्राचा २००४ चा दावा हद्दीचा आहे आणि न्यायप्रविष्ट बाबींवर सभागृहात बोलण्यास मर्यादा आहेत. मात्र प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची तरतूद घटनेच्या ३५०-अ कलमात आहे. ३५०-ब नुसार भाषिक अल्पसंख्याक आयुक्तांचा अहवाल दोन्ही सभागृहांपुढे ठेवला जातो. मराठी शाळांतले शिक्षक, मराठीतली परिपत्रकं यांवर प्रश्न विचारायला त्या दाव्याची आडकाठी नाही.

प्रश्नाची सूचना किमान पंधरा दिवस आधी द्यावी लागते. तेव्हा खासदारांना गाठायचं ते अधिवेशनाआधी, आणि प्रश्न लेखी घेऊनच.