ट्रेलरच्या हिचला ६००चे नाही, ८०० पौंडांचेच बार योग्य. पण बसवताना चूक आमची झाली

ताई, नमस्कार. तुम्ही मराठीत लिहिलंत, म्हणून मीही मराठीतच लिहितो. तुमचं म्हणणं असं: ब्रोशरमध्ये टंग वेट (ट्रेलरच्या पुढच्या टोकाचा पिकअपवर पडणारा भार) ५२० पौंड असताना आम्ही ६००ऐवजी ८०० पौंडांचे महाग बार (हा भार पिकअपच्या पुढच्या चाकांवरही वाटणाऱ्या हिचच्या दांड्या) गळ्यात मारले, हिच, म्हणजे ट्रेलर पिकअपला जोडायचा सांधा, करकरते, आणि टेक्सासातल्या पालो ड्युरो कॅन्यनला जाताना २८७ हायवेवर वाऱ्यात ट्रेलर डोलायला लागला. पहिलं मला मान्य नाही. तिसरं मान्य आहे.

ब्रोशरमधले ५२० हे रिकाम्या ट्रेलरचे. गॅसच्या दोन भरलेल्या टाक्यांचेच ७४ पौंड होतात. वर बॅटरी, आणि पुढच्या कप्प्यात जनरेटर, तांदळाची गोणी, बिडाचे तवे! शनिवारी तुमचे यजमान सामान न उतरवता ट्रेलर घेऊन आले, तेव्हा आमच्या काट्यावर टंग वेट भरलं ७३५. ६००चे बार पुरलेच नसते. १२००चे विकून जास्त पैसे कमावता आले असते, पण ते तुमच्या ट्रेलरला फार ताठ. हादरे सगळे सांगाड्याला बसतात. तेव्हा बारांचे पैसे परत मिळणार नाहीत.

आता आमची चूक. हिच बसवली तेव्हा ट्रेलर कोरा, रिकामा होता. बार ज्यावर टेकतात त्या ब्रॅकेटची उंची त्यावरच ठरवली आणि 'सामान भरून एकदा दाखवायला आणा' हे सांगायचं राहिलं. शनिवारी पिकअपच्या पुढच्या चाकावरची फेंडरची कड मोजली: ट्रेलर न जोडता ३६.५ इंच, जोडल्यावर बारांशिवाय ३८, बार ताणून ३७.५. म्हणजे पुढचं टोक दीड इंच उचललं जात होतं आणि बार त्यातला जेमतेम अर्धा इंच खाली आणत होते. निम्मं तरी उतरायला हवं. स्टिअरिंग हलकं लागत होतं आणि समोरचे लोक हेडलाइट मारत होते, ते यामुळेच. ब्रॅकेट एक भोक वर घेतल्यावर माप ३७वर आलं.

करकर मात्र असणारच. बार ब्रॅकेटवर घासतात, आणि त्या घासण्यानेच डोलणं आवरलं जातं. आवाज बंद व्हावा म्हणून यजमानांनी तिथे ग्रीस चोपडलं होतं. आम्ही ते पुसून ब्रेक क्लीनरने धुतलं. पुन्हा लावू नका. (ट्रेलर ज्यावर बसतो त्या हिचच्या बॉलवर लावा, तिथे हवंच.) हेही आम्ही आधी सांगायला हवं होतं.

कोणीतरी तुम्हाला सामान मागे सरकवायला सांगितलंय, ते अजिबात करू नका. भरलेल्या ट्रेलरचं १० ते १५ टक्के वजन टंगवर लागतं; ते घटलं की ट्रेलर आणखी डोलतो.

बसवण्याची मजुरी आज परत केली आहे. पुढच्या सहलीआधी पाण्याची टाकीही भरून आणा. पुन्हा मोजून देतो, फुकट.