इसवी सन 1 मध्ये ते साल 1 आहे हे कुणालाच ठाऊक नव्हतं

डिसेंबर संपत आला की व्हॉट्सॲपवर एक मजकूर हमखास फिरतो. सारांश असा: येशूच्या जन्मापासून लोक वर्षं मोजू लागले, चर्चने ती मोजणी लगेच सगळ्या ख्रिस्ती जगावर लादली, 1582 साली पोप ग्रेगरीने इसवी सन पक्का केला, आणि युरोपला शून्य माहीत नसल्यामुळे त्यात शून्य वर्ष नाही. शेवटच्या मुद्द्यात थोडं तथ्य आहे, बाकीचे तीन सपशेल चूक आहेत.

येशूच्या हयातीत रोमन माणूस साल सांगायचा ते त्या वर्षीच्या दोन कॉन्सलांच्या (दरवर्षी नेमल्या जाणाऱ्या सर्वोच्च अधिकाऱ्यांच्या) नावावरून, नाहीतर सम्राटाच्या राजवटीचं कितवं वर्ष त्यावरून. ख्रिस्तजन्मापासूनची मोजणी आली 525 साली, तीही चंद्रानुसार दरवर्षी बदलणाऱ्या ईस्टर सणाच्या तारखा काढताना. रोममधला मठवासी डायोनिसियस एक्झिगस हे काम करत होता. हाताशी असलेला अलेक्झांड्रियाचा तक्ता 531 ला संपणार होता, म्हणून त्याने पुढच्या 95 वर्षांचा तक्ता तयार केला. जुन्या तक्त्यात वर्षं मोजली होती सम्राट डायोक्लेशियनच्या राज्यारोहणापासून, म्हणजे 284 पासून. याच डायोक्लेशियनने ख्रिस्ती लोकांचा अतोनात छळ केला होता. बिशप पेट्रोनियसला लिहिलेल्या पत्रात डायोनिसियस स्पष्ट सांगतो की अशा छळकर्त्याची आठवण त्याला आपल्या तक्त्यात ठेवायची नाही. जुन्या तक्त्यातलं शेवटचं साल होतं डायोक्लेशियनचं 247वं. त्यापुढे 248 यायला हवं होतं, तिथे त्याने 532 लिहिलं. इसवी सनाचा उगम म्हणजे तक्त्यातली ही एक ओळ.

शिवाजी महाराजांनी 1674 साली राज्याभिषेक शक सुरू केला, तो त्या प्रसंगी आणि राजाच्या इच्छेने. त्यामुळे इसवी सनही तसाच सुरू झाला असेल, असं आपल्याला वाटणं साहजिक आहे. पण इथे घटना आणि मोजणी यांच्यात पाच शतकं गेली. शिवाय डायोनिसियसने जन्मसाल कसं काढलं हे लिहून ठेवलेलं नाही, आणि ते बहुधा चुकलेलंच आहे. मत्तयच्या शुभवर्तमानानुसार येशू जन्मला तेव्हा हेरोद राजा जिवंत होता, आणि बहुतेक अभ्यासकांच्या मते हेरोद इ.स.पू. 4 मध्ये वारला. दुसरा शुभवर्तमानकार लूक मात्र रोमन सुभेदार क्विरिनियसच्या शिरगणतीचा उल्लेख करतो, ती झाली इ.स. 6 च्या सुमारास. एवढ्या फरकावर कुणी ‘जन्मदिवसापासून’ म्हणू नये.

‘लगेच लादली’ हे तर मुळीच खरं नाही. मोजणी रुजवली ती इंग्लंडच्या उत्तरेतल्या बीड या मठवासी इतिहासकाराने. 731 साली पूर्ण केलेल्या इंग्लंडच्या धर्मइतिहासात त्याने घटनांना हीच सालं दिली, आणि वाचकांना ती सोयीची वाटली. पुढे फ्रँक सम्राट शार्लमेन आणि त्याच्या वारसांच्या काळात ती युरोपच्या मुख्य भूमीवर पसरली. पण कट्टर कॅथलिक स्पेनमध्ये इ.स.पू. 38 पासून मोजला जाणारा वेगळाच शक चालत होता. कॅस्टीलने तो 1383 मध्ये सोडला, पोर्तुगालने 1422 मध्ये. चर्चने एका फटक्यात लादलेली मोजणी पोर्तुगालला पोहोचायला नऊशे वर्षं लागली नसती.

ग्रेगरीचा मुद्दा दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत करतो. 1582 मध्ये त्याने 4 ऑक्टोबरनंतर थेट 15 ऑक्टोबर आणला आणि लीप वर्षांचा नियम बदलला. सालाच्या आकड्याला त्याने हात लावला नाही. रशियाचं उदाहरण पाहा. तिथे जगाच्या निर्मितीपासून वर्षं मोजत. पीटर द ग्रेटच्या हुकमाने 7208 च्या डिसेंबरनंतर 1700 चा जानेवारी आला. सालाचा आकडा बदलला, दिनदर्शिका मात्र ग्रेगरीच्या बदलाआधीची, जुनी ज्युलियनच राहिली. ग्रेगरियन दिनदर्शिका तिथे आली 1918 मध्ये.

आता शून्य. शून्य हा अंक तेव्हा युरोपात नव्हता, हे बरोबर. पण डायोनिसियसच्या तक्त्यात जिथे चंद्राचं वय (अमावास्येपासून झालेले दिवस) काहीच उरत नाही, तिथे ‘नुल्ला’, म्हणजे काही नाही, असा शब्द आहे. खरं कारण मोजण्याच्या रीतीत आहे. राजाच्या कारकिर्दीचं चालू वर्ष सांगायचं तर पहिल्यापासूनच सुरुवात होते. आपल्या जुन्या शिलालेखांत आणि पंचांगांत पुष्कळदा गत, म्हणजे उलटून गेलेली, वर्षं मोजतात, तिथे शून्य सहज येतं. ख्रिस्तपूर्व वर्षं उलटी मोजायची पद्धत तर 17व्या शतकात रूढ झाली, तेव्हा शून्य युरोपात चांगलंच रुळलं होतं, तरी इतिहासकारांनी इ.स.पू. 1 ला लागूनच इ.स. 1 ठेवलं. खगोलशास्त्रज्ञांना गणितात ते अडू लागलं, तेव्हा त्यांनी इ.स.पू. 1 लाच 0 म्हणायला सुरुवात केली, आणि आजही त्यांची गणितं तशीच चालतात.