‘पक्कं सिमेंट भरा आणि विसरून जा’: जुन्या धुराड्याचं वाटोळं करणारा सल्ला

बर्फाच्या मुलखात जुनं विटांचं घर असलं की हा सल्ला कुठून ना कुठून कानावर येतोच: ‘धुराड्याच्या विटांमधला माल झडायला लागला? कुठलाही गवंडी बोलवा. दरजा, म्हणजे विटांमधल्या फटी, पक्क्या सिमेंटने भरून घ्या, वरून वॉटरप्रूफिंगचा एक हात मारा, थंडीआधी उरकून टाका. तिघांकडून दर मागवा, स्वस्त असेल त्याला काम द्या. शेवटी विटा-सिमेंटच तर आहे.’ यातलं तिघांकडून दर मागवण्याचं तेवढं बरोबर आहे.

‘पक्क्या सिमेंटने भरा’

सगळ्यात जास्त विटा या वाक्याने खाल्ल्या आहेत. पोर्टलँड सिमेंटचं पेटंट १८२४ चं, पण घरबांधणीत ते सर्रास यायला पुढे बराच काळ गेला. त्याआधीची घरं चुन्यात बांधलेली, आणि विटाही बहुधा आजच्यापेक्षा मऊ. अशा बांधकामात शिरलेली ओल दरजेतून वाळून बाहेर जाते. वीट तापून फुगली, गारठून आकसली, तरी मऊ दरज ते सोसते. झिजायचं काम दरजेचं, टिकायचं काम विटेचं. दरज उकरून पुन्हा भरता येते. फुटलेल्या विटेला असा इलाज नाही.

दरजेत कडक सिमेंट बसलं की ओलीची वाट बंद होते आणि ती विटेतून बाहेर पडू बघते. विटेच्या तोंडामागे पाणी साचतं, गोठतं, गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं, आणि विटेचं तोंड खपलीसारखं सुटतं. असं धुराडं जवळून पाहिलं की दोष कशाचा ते कुणी सांगायला लागत नाही: विटा बोटभर आत गेलेल्या, पन्हळीत लाल चुरा, आणि सिमेंटच्या दरजा मात्र जाळीसारख्या बाहेर उभ्या, बिनतड्याच्या, ठणठणीत.

बांधकामाच्या मालासाठीच्या अमेरिकेतल्या एएसटीएम सी२७० मानकात मालाच्या प्रकारांची दाब सोसण्याची किमान ताकद अशी आहे: ‘एम’ १७.२ मेगापास्कल, ‘एस’ १२.४, ‘एन’ ५.२ आणि ‘ओ’ २.४. जुन्या मऊ विटेला ‘ओ’ पुरतो, म्हणजे १ भाग सिमेंट, २ भाग चुना, ९ भाग रेती. नाहीतर निव्वळ हायड्रॉलिक चुना (पाण्याने आवळणारा) आणि रेती. छताच्या वरचा भाग चारही बाजूंनी वारा-पाऊस खातो. तिथल्या विटा कडक असतील तर ‘एन’पर्यंत (१:१:६) जावं, पुढे नाही. जुन्या मालावर व्हिनेगर टाकून फसफसला की चुना, ही युक्तीही फार मनावर घेऊ नये. रेतीत चुनखडी असली किंवा सिमेंट जुनं झालेलं असलं तरी फसफसतं.

‘कुठलाही गवंडी चालेल’

नवी भिंत उभी करणं आणि जुनी दरज भरणं ही दोन वेगळी कामं आहेत. दरज तिच्या रुंदीच्या दोन ते अडीच पट खोल उकरावी लागते. १० मिलिमीटरच्या दरजेला २० ते २५ मिलिमीटर. वरवर ५ मिलिमीटर खरवडून माल सारवला, तर तो एक-दोन हिवाळ्यांत पापुद्र्यासारखा हातात येतो. ग्राइंडर हे दुसरं दुखणं. आडव्या दरजेत सराईत हाताने मधोमध चालवला तर एक वेळ ठीक. उभी दरज आखूड असते, तिथे पातं वरच्या-खालच्या विटेत घुसतं आणि तो काप कायमचा राहतो. उभ्या दरजांना छिन्नी-हातोडाच हवा.

उकरून झालं की धूळ काढून विटा ओलवायच्या. कोरडी वीट मालातलं पाणी शोषून घेते आणि माल भुसभुशीत राहतो. पाणी ओघळत असेल तर माल धरत नाही. भरणं साधारण ६ मिलिमीटरच्या थरांनी. अंगठा दाबल्यावर जेमतेम ठसा उमटावा आणि बोटाला माल चिकटू नये, एवढा थर आवळला की पुढचा. शेवटी ओलं गोणपाट, चुन्याचं काम असेल तर काही दिवस.

म्हणून काम देण्याआधी विचारा: माल कुठला आणि कुठल्या प्रमाणात, उकरणार किती खोल, उभ्या दरजा कशाने, आणि मागच्या बाजूला चौरस मीटरभर नमुना करून दाखवाल का? नमुना पूर्ण वाळल्यावर बघा, ओल्या मालाचा रंग फसवतो.

‘वॉटरप्रूफिंगचा एक हात मारा’

पृष्ठभागावर पापुद्रा धरणारं रसायन आतली ओल आतच कोंडतं, म्हणजे पुन्हा वरचीच कथा. मारायचंच तर वाफ बाहेर जाऊ देणारं सिलेन-सिलॉक्सेन, तेही दुरुस्ती होऊन भिंत वाळल्यावर.

मुळात पाणी बऱ्याचदा दरजांतून येतच नाही. माथ्यावरची टोपी बघा. तिथे मालाचा पातळ लेप असेल तर तो तडकणारच. टोपी काँक्रीटची हवी, कडेला निदान ५० मिलिमीटर जाड, विटांच्या बाहेर तेवढीच आलेली, खालून पाणी तोडणारी खाच असलेली. धुराच्या नळीला ती चिकटलेली नको. नळी तापून वाढते, म्हणून मध्ये फट ठेवून लवचीक सीलंट भरतात. मग छताशी असलेला पत्रा: कौलांच्या प्रत्येक ओळीबरोबर पायरीपायरीने, आणि त्यावरचा पत्रा दरजेत खोचलेला. डांबर फासणं म्हणजे गळती एका ऋतूने पुढे ढकलणं.

‘शेवटी विटा-सिमेंटच तर आहे’

आतली नळी? लायनर, म्हणजे धुराच्या वाटेचं आतलं अस्तर, तडकला असेल तर बाहेरून कितीही सुबक दरजा भरा, कार्बन मोनॉक्साइड आणि आगीचा धोका तसाच. अमेरिकेच्या एनएफपीए २११ या धुराड्यांच्या सुरक्षेच्या मानकानुसार घर विकताना, घर तापवणारा हीटर बदलताना किंवा धुराड्यात आग लागून गेल्यावर दुसऱ्या पातळीची तपासणी लागते. तिच्यात नळी आतून कॅमेऱ्याने बघतात. नवा हीटर बाजूच्या भिंतीतून धूर सोडतो आणि जुन्या मोठ्या नळीवर एकटा गॅसचा गीझर उरतो, हे तर हमखास दिसतं. एवढ्याशा धुराने नळी तापत नाही, आम्लयुक्त पाणी ठिबकतं, माल आतून खातं आणि बाहेर विटांना पांढरा लोणा लागतो. त्यावर दरजा भरणं म्हणजे पैसे पाण्यात. नळीत योग्य मापाचा लायनर बसवावा लागतो.

दरपत्रकं तुलनेला यायची तर प्रत्येकात दरजेची लांबी, खोली, मालाचं प्रमाण, टोपी, पत्रा, परांची, राडारोडा आणि कामाआधीचे-नंतरचे फोटो वेगवेगळे लिहिलेले हवेत. उंचीवरच्या कामाचा विमाही कागदावर बघा. ‘चिमणी दुरुस्ती, सर्व मिळून’ एवढ्यावर स्वस्त-महाग ठरतच नाही. वर न चढता रस्त्यावरून दर सांगणाऱ्याचा दर कुणी धरूही नये.

‘थंडीआधी उरकून टाका’

घाई इथेच नडते. साधारण ५ अंश सेल्सिअसखाली दरजा भरू नयेत. सिमेंट-चुन्याच्या मालाला निदान पहिले दोन दिवस गोठण्यापासून जपावं लागतं, आणि निव्वळ चुन्याला पुढे काही आठवडे गोठवणाऱ्या थंडीविना हवेत. कॅल्शियम क्लोराइड घालून माल लवकर आवळेल, पण लोखंड गंजेल आणि क्षार विटांत जातील. हंगाम हुकलाच असेल तर माथा ताडपत्रीने बांधून धुराडं बंद ठेवावं आणि दरजांना वसंतात हात घालावा. त्याच नळीवर घराचा हीटर असेल तर ती झाकता येत नाही. तेव्हा आधी कॅमेरा, आणि लायनर तडकलेला निघाला तर हीटर बंद.