व्याख्या एक, प्रश्न भलतेच

एमबीएच्या प्रोजेक्टचा हंगाम सुरू झालाय. या आठवड्यात सात प्रश्नावल्या माझ्या टेबलावर आल्या आणि त्यातल्या पाच मी परत पाठवल्या. पोरं नाराज झाली, म्हणून सविस्तर लिहितोय.

शिकवायला लागण्याआधी मी बरीच वर्षं फौंड्रीत, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात, क्वालिटी बघितली. ड्रॉइंगवर बोअरचा, म्हणजे भोकाचा, व्यास मागितला असेल तर तिथं कुणी कठीणपणा मोजणाऱ्या हार्डनेस टेस्टरवर आकडा काढून 'ओके'चा शिक्का मारत नाही. माणसाच्या मनाचं मोजमाप करताना मात्र आपण हेच बिनदिक्कत करतो. अहवालाच्या दुसऱ्या प्रकरणात एका गोष्टीची व्याख्या, परिशिष्टातल्या प्रश्नावलीत भलत्याच गोष्टीचे प्रश्न.

काही वर्षांपूर्वी एका विद्यार्थ्याने इथल्याच एका कारखान्यात कामगारांची 'बांधिलकी' मोजली. मायर आणि ॲलन या संशोधकांनी 1991 साली बांधिलकीचे तीन प्रकार मांडले. कंपनीवर जीव आहे म्हणून राहणं, सोडलं तर नुकसान होईल म्हणून राहणं आणि राहणं हे आपलं कर्तव्य वाटतं म्हणून राहणं. त्याने व्याख्या पहिल्याची लिहिली होती. प्रश्न मात्र बहुतेक दुसऱ्याचे होते.

फेटलिंगमधल्या (ओतलेले भाग घासून साफ करतात त्या विभागातल्या) एका मामांकडून फॉर्म भरून घेताना मी शेजारी उभा होतो. प्रश्न होता, 'आत्ता ही कंपनी सोडणं मला अवघड जाईल.' मामांनी ग्राइंडर खाली ठेवला, हातमोजा काढला आणि पाचवर, म्हणजे 'पूर्ण सहमत'वर, खूण केली. म्हणाले, "अवघड म्हंजे काय, सोसायटीचं कर्ज हाय, पोरगी बारावीला हाय. जाणार कुठं?"

अहवालात ती खूण 'कंपनीवरचं प्रेम' म्हणून मोजली गेली. सरासरी चारच्या वर निघाली. लोक खूश आहेत म्हणून व्यवस्थापनाने ओव्हरटाइमच्या दराची बोलणी पुढे ढकलली. त्या अहवालावर मार्गदर्शक म्हणून माझी सही आहे आणि ती मला अजून टोचते.

पोरं म्हणतात, "सर, अल्फा 0.8 आलाय." आला असेल. क्रॉनबॅकचा अल्फा एवढंच सांगतो की प्रश्नांची उत्तरं एकमेकांशी जुळतात. कर्जाबद्दलचे आठ प्रश्न विचारले तरी ती छान जुळतील, पण त्यातून प्रेम मोजलं असं होत नाही.

हे फक्त आपल्याकडच्या पोरांचंच दुखणं नाही. माउडे, स्टीअर्स आणि पोर्टर यांची 1979 सालची बांधिलकी मोजणारी 15 प्रश्नांची मोजपट्टी जगभर वापरली गेली. तिच्यातले काही प्रश्न कंपनी सोडण्याबद्दलच आहेत. मग कुणी ती बांधिलकी आणि 'नोकरी सोडण्याचा इरादा' यांचा संबंध तपासतो आणि संबंध घट्ट निघाला की खूश होतो. अरे, एकच गोष्ट दोनदा विचारलीस, घट्ट निघणारच की!

भाषांतरात तर आणखी घोळ होतो. 'एंगेजमेंट' म्हणजे कामात जीव ओतणं, त्यासाठी एकीने 'गुंतवणूक' लिहिलं आणि कामगार पैशांबद्दल बोलायला लागले. ही एंगेजमेंट मोजणाऱ्या उट्रेख्टच्या प्रसिद्ध मोजपट्टीत उत्साह, समर्पण आणि तल्लीनता असे तीन भाग आहेत. ती 'असं किती वेळा वाटतं' हे 0 ते 6 मध्ये विचारते. आपल्याकडे सर्रास 'सहमत–असहमत' करून 1 ते 5 लावतात. वारंवारता विचारणारी पट्टी मतं विचारायला लागली, तरी नाव तेच राहतं.

आणि तल्लीनता. काम करताना वेळ कसा जातो ते कळत नाही, या अर्थाचं वाक्य वाचून एका भट्टीवाल्याने मान हलवली. "भट्टीवर वेळेचं भान सुटून चालतंय व्हय साहेब?" मॅग्नेशियम घातलेला लोखंडाचा रस वेळेत ओतला नाही तर त्याचा असर उतरतो आणि अख्खा लॉट जातो. हा माणूस कामात पूर्ण बुडालेला असतो तो घड्याळावर डोळा ठेवूनच. त्याने शून्य दिला. त्या शून्याला 'अलिप्त' म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. तिथल्या कामाला लागू पडेल असं वाक्य आपल्यालाच शोधावं लागेल. त्यासाठी कोल्हापूरजवळच्या कारखान्यांच्या वसाहतींत, शिरोलीला, गोकुळ शिरगावला शिफ्ट सुटताना गेटवर उभं राहून लोकांशी बोलावं लागतं.

म्हणून आता मी एकच कागद मागतो. डावीकडे व्याख्येतला एकेक तुकडा, उजवीकडे त्यासाठीचा प्रश्न. रिकामी जागा राहिली किंवा उजवीकडचा प्रश्न डावीकडे कुठंच बसला नाही, तर कागद परत. काल एक मुलगी तिसऱ्यांदा तो घेऊन आली. बावीसपैकी नऊ प्रश्न तिने स्वतःच खोडले होते आणि खाली पेन्सिलने लिहिलं होतं : 'सर, उद्या सकाळच्या शिफ्टला परत जाते.'