फुलं, मुलं आणि एक दाढीवाला

चर्चमध्ये माणसाला काम कसं मिळतं हे एकदा नीट समजून घ्यावं. अर्ज नसतो, मुलाखत नसते. उपासना संपल्यावर आपण चहाच्या रांगेत उभे असतो, पाळकसाहेब मागून येऊन खांद्यावर हात ठेवतात आणि म्हणतात, "मी सध्या तुमच्यासाठी प्रार्थना करतोय." हे ऐकताच जाणत्या माणसानं चहा सोडून पार्किंगकडे निघावं. मी चहा घेत राहिलो. म्हणून आज संडे स्कूलचा छोटा गट माझ्याकडे आहे, वय वर्षं पाच ते नऊ. "अहो, रिटायर झालाय, मुलांत मन रमेल," असं म्हणून बायकोनंही शिक्का मारला. तिच्याकडे स्त्रियांची सभा आहे. तिथे सगळ्या आपापल्या खुर्चीवर बसतात.

इंदुरातलं आमचं चर्च हिंदी उपासनेचं, मराठी घरं मोजकी. त्यामुळे वर्गात गोष्ट मराठी-हिंदी मिसळून चालते, भांडणं शुद्ध इंदौरी हिंदीत होतात आणि शेवटी मीच दोन्ही बाजूंच्या वतीनं सॉरी म्हणतो.

रेव्हरंड ना. वा. टिळकांना फुलामुलांचे कवी म्हणतात. त्यांच्याविषयी पूर्ण आदर राखून एवढंच विचारावंसं वाटतं, की ही दोघं एका समासात बसलीच कशी? फुलं लावली तिथे राहतात. त्यांना ऐन प्रार्थनेत सू लागत नाही, आणि एकाला लागली म्हणून अख्ख्या ताटव्याला लागत नाही.

संडे स्कूल या प्रकाराचं मूळ शोधायला गेलो तर रॉबर्ट रेक्स नावाचे एक वर्तमानपत्रवाले सापडले. इंग्लंडातल्या ग्लॉस्टर गावी १७८० साली त्यांनी गरीब मुलांसाठी रविवारची शाळा काढली. सहा दिवस कारखान्यात राबणारी पोरं सातव्या दिवशी मोकळी सुटून गल्ल्यांत धुमाकूळ घालत, म्हणून त्यांना बसवून बायबलातून लिहावाचायला शिकवायचं. आमची मुलं सहा दिवस शाळा आणि कोचिंगमध्ये राबतात. सातव्या दिवशीचा धुमाकूळ तोच आहे, फक्त तो गल्लीतून उचलून माझ्या खोलीत आणलेला आहे. आणि भिंतीपलीकडे मोठ्यांची उपासना चालू असते. पाळकसाहेबांचा उपदेश धीर या विषयावर असला की आमच्याकडून हमखास बाक पडतो.

वर्गाची सगळी दौलत म्हणजे एक फ्लॅनेलचा बोर्ड. निळं कापड ताणलेलं, त्यावर चित्रं थापायची, ती चिकटतात. पंखा लावला की गळतात. हा बोर्ड कपाटात पिढ्यान् पिढ्या आहे. मेंढरं भरपूर उरली आहेत, माणसं फार गेली. गल्याथ कमरेखालीच शिल्लक आहे, त्यामुळे दाविदाचा गोटा त्याच्या कपाळात बसला हे मुलांना मी सांगतो म्हणून मानावं लागतं. दाढीवाला म्हातारा मात्र एकच. नोहा तोच, अब्राहाम तोच, मोशेही तोच. पहिल्या रविवारी त्यानं जहाज बांधलं, दुसऱ्या रविवारी पोटच्या पोराला घेऊन डोंगर चढला, आणि तिसऱ्या रविवारी तांबड्या समुद्रापाशी उभा राहिला तेव्हा मागून आवाज आला, "काका, याला पाण्याचीच कामं का देतात?"

मी समजावलं, की बाळा, ही वेगवेगळी माणसं. तिसरीतल्या एका मुलानं विचारलं, "नोहा किती वर्षं जगला?" मी म्हटलं, ९५०. "आणि बाकीचे?" अब्राहाम १७५, मोशे १२०. कोचिंगची पोरं, वजाबाकी चुकत नाही. "मग बसतात की सगळे एकातच," तो म्हणाला. "वर ६५५ वर्षं उरतात. तेवढ्यात त्यानं काय केलं?"

आता वर्गाचं एकमत आहे, की तो एकच माणूस आहे आणि काका काहीतरी लपवतायत.

येशूनं पाच हजारांना जेवू घातल्याची गोष्ट तरी सरळ जाईल असं वाटलं होतं. खाण्याचा विषय, इंदूरची मुलं, सकाळी पोहे-जिलबी हाणून आलेली. ऐकतही छान होती. पाच भाकरी, दोन मासळ्या, सगळे पोटभर जेवले आणि उरलेल्या तुकड्यांच्या बारा टोपल्या भरल्या, इथपर्यंत आलो आणि एक हात वर झाला. "बाराच्या बारा गीला कचरा?"

२०१७ साली आमच्या शहराचा स्वच्छ सर्वेक्षणात पहिला नंबर आला. या मुलांची समज त्यानंतरची, कचरागाडीच्या गाण्यावर वाढलेली. मी सांगितलं, तो कचरा नव्हे, ते उरलेलं अन्न. "मग मासळीचे काटे कुठे टाकले?" पुढची दहा मिनिटं काट्यांवर गेली. तोडगा एका मुलीनं काढला. टोपल्या बारा, शिष्य बारा, ज्यानं त्यानं आपापली गाडीपर्यंत न्यावी.

त्यात मला अवदसा आठवली आणि मी विद्वत्ता दाखवायला गेलो. म्हटलं, लोक पाच हजारांहून जास्त होते बरं का. मत्तयानं आपल्या शुभवर्तमानात, म्हणजे बायबलातल्या येशूच्या चरित्रात, लिहिलंय, स्त्रिया आणि मुलं त्या आकड्यात धरलेली नाहीत.

शांतता. मग ती मघाचीच मुलगी उभी राहिली.

"भाकरी कोणाच्या होत्या?"

योहानाच्या शुभवर्तमानात लिहिलंय, एका लहान मुलाच्या. जवाच्या. मी खरं तेच सांगितलं.

"म्हणजे डबा त्याचा, जेवले सगळे, आणि त्यालाच मोजलं नाही?"

"चिटिंग है ये," असा एकमुखी ठराव झाला आणि तेवढ्यात घंटा वाजली. अर्पणाची पिशवी निम्म्या मुलांनी निषेधार्थ पुढे सरकवली.

फाटकापाशी तिची आई गाठ पडली. मुलीनं सगळी कैफियत एका दमात आईला ऐकवली. आता ही माझी बाजू घेणार, या भरवशावर मी उभा. तिनं कपाळाला आठ्या घालून शांतपणे ऐकून घेतलं आणि माझ्याकडे वळली.

"ते मोजण्याचं जाऊ द्या हो काका. त्या पोराला डबा परत मिळाला का?"

ही गोष्ट चारही शुभवर्तमानांत आहे. घरी येऊन मी चारही चाळली. टोपल्यांचा हिशोब चौघांनीही चोख दिलाय, डब्याबद्दल कोणी अवाक्षर काढलेलं नाही. पाळकसाहेबांना फोन लावला. ते म्हणाले, "मी तुमच्यासाठी प्रार्थना करतोय."